मानाचं पहिलं कॉलेज

लग्नपत्रिकेत कुणाचं नाव कुणाच्या वर आणि कुणाचं कुणाच्या खाली, हा प्रश्न ज्यांनी आयुष्यात कधी सोडवला नाही, त्यांना बाळासोंची थोरवी कळायची नाही. कोल्हापूरकडची पत्रिका म्हणजे काय साधं काम आहे होय? निमंत्रक वेगळे, प्रेषक वेगळे, व्यवस्थापक वेगळे. मामा मंडळींची जागा वेगळी, गावच्या मानकऱ्यांची वेगळी, आणि अगदी तळाला घरातल्या चिल्यापिल्यांची एक ओळ. एक नाव इकडचं तिकडं झालं की लग्न बाजूला राहतं आणि भावकी पेटते. म्हणून गल्लीत कुणाचं लग्न ठरलं की माणूस हॉल बघायच्या आधी बाळासोंचं दार वाजवायचा.

बाळासो एका दूध संस्थेच्या कार्यालयात आवक-जावक सांभाळायचे. तिथं त्यांना कुणी फारसं विचारत नसे. पण पत्रिकेचा कच्चा मसुदा हातात आला, चष्मा कपाळावरून नाकावर उतरला आणि लाल पेन निघालं की या माणसापुढं आमदारसुद्धा मुकाट बसून राहिला असता. त्यांचा कायदा एका वाक्याचा होता. "पावण्याला पुढं, घरच्याला मागं. पंगतीत बघा की! पावणं पहिल्या पंगतीला बसत्यात आन् घरची मानसं शेवटच्या. ज्याला राग येनार हाय त्याला वर घ्यायचं. जो आपला हाय त्यो कुठं जातोय?"

या कारकिर्दीला एकच डाग होता, आणि तो नेमका स्वतःच्या घरचा. स्वतःच्या वास्तुशांतीच्या पत्रिकेत बाळासोंनी बायकोच्या थोरल्या भावाचं, म्हणजे उदयसिंहमामांचं नाव एका माजी नगरसेवकाच्या खाली घेतलं होतं. मामा म्हणजे गारगोटीच्या पुढं एका गावात शिक्षणसंस्था चालवणारे चेअरमन. मामांनी मांडवात उभ्याउभ्या पत्रिका वाचली, घडी घातली, खिशात ठेवली आणि न जेवता जीप सुरू केली. त्या वर्षी भाऊबीजेला ते आलेच नाहीत. वर्षाराणीवहिनींनी ओवाळणीचं ताट तसंच फडताळात ठेवलं आणि नंतर कित्येक दिवस नवऱ्याच्या ताटात भाकरी जरा लांबूनच टाकली.

असा सगळा पूर्वेतिहास असताना बाळासोंची लेक स्वप्नाली दहावी पास झाली.

चांगली झाली हो, उगीच खोटं कशाला बोला. पेढे वाटण्याजोगी झाली. आणि तिचं पुढचं ठरलेलं होतं, तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. हे खूळ कुठून आलं विचाराल, तर शेजारच्या चिमणाबाईंच्या म्हशीकडून. चिमणाबाई संध्याकाळी म्हैस घेऊन कट्ट्यावर जायच्या आणि गिऱ्हाइकाच्या समोर धार काढून ताजं दूध द्यायच्या. एकदा ती म्हैस आजारी पडली, तेव्हा ही पोरगी शाळा बुडवून गोठ्यात बसली. डॉक्टर काय करतात, कुठं दाबतात, कान का बघतात, सगळं विचारून घेतलं. म्हैस उठली आणि त्या दिवसापासून स्वप्नालीचा निकाल लागला. अकरावीला सायन्स, त्यात जीवशास्त्र, आणि तेही शहरातल्या चांगल्या प्रयोगशाळेच्या कॉलेजात, रुबीनाबरोबर. रुबीना म्हणजे समोरच्या गौसभाई टेलरांची लेक आणि बालवाडीपासूनची जोडीदारीण.

आता पूर्वी हे सोपं होतं. कॉलेजात जायचं, फॉर्म आणायचा, ओळखीचा क्लार्क गाठायचा, "काय सायेब, बरं हाय न्हवं?" करायचं. बाळासो या कलेत मुरलेले. पण सरकारनं नियम बदलला. सगळी अकरावी ऑनलाइन. आता कोल्हापूरच काय, पार डोंगरातल्या कॉलेजातही जायचं तर मोबाइलवरनं. दहा कॉलेजं पसंतीनं लिहायची, बाकीचं यंत्र बघणार.

"म्हंजे पेढा द्यायचा कुनाला?" बाळासोंनी मार्गदर्शन केंद्रातल्या सरांना विचारलं.

"कुणालाच नाही," सर म्हणाले.

बाळासोंना हे अत्यंत अमानुष वाटलं.

त्यात ती वेबसाइट. उघडली तर फिरत बसायची. फिरायची थांबली तर मोबाइलवर येणारा आकडा मागायची, आणि आकडा येईपर्यंत वेळ संपली म्हणून बाहेर काढायची. गौसभाई शिलाईयंत्रावरनं सल्ला द्यायचे, "बाळासो, गच्चीवर जाव. उप्पर रेंज मस्त येती." बाळासो गच्चीवर गेले की चिमणाबाई खालून ओरडायच्या, "आवं, हात वर करा की! उंच धरा!" हात उंच धरून सूर्याला अर्घ्य देत असल्यासारखे बाळासो उभे, आणि वेबसाइट खाली बसलेली. कार्यालयात साहेबांपुढं न वाकलेला माणूस त्या आठवड्यात मोबाइलपुढं फार वाकला.

शेवटी स्वप्नालीनं सगळं भरत आणलं. दहापैकी तीनच कॉलेजं तिनं कागदावर लिहिली, तिन्ही शहरातली. मुदतीचा दिवस उजाडला तरी वेबसाइट बंदच. आणि वर्षाराणीवहिनींनी निकालाचा नारळ जोतिबाला बोललेला. देवाला थांब म्हणता येत नाही.

"पप्पा, मी आईबरोबर डोंगरावर जाऊन येतो," स्वप्नाली म्हणाली. आपल्याकडच्या पोरी अशाच बोलतात. "साइट चालू झाली की ही तीन नावं घाला आन् लॉक करा. बाकी कशाला हात लावू नका."

"मला सांगतीस?" बाळासो म्हणाले. "अगं, निम्म्या कोल्हापूरची नावं मी लावल्यात."

एवढं ऐकूनही त्या दोघी एसटीत बसल्या. तिथंच चुकलं.

दुपारी वेबसाइट उघडली. बाळासो दारातल्या खुर्चीत बसले, चष्मा कपाळावरून नाकावर आला. समोर दहा रिकाम्या ओळी, आणि नावं फक्त तीन! ज्या माणसानं पत्रिकेत उभ्या जन्मात बोटभर जागा कोरी सोडली नाही, त्याला सात ओळी कोऱ्या बघवतात होय?

"तीनच कॉलेजं? बाकीची काय मेलीत का?" चिमणाबाई उंबऱ्यावरून म्हणाल्या. "माज्या भाच्याचं कॉलेज हाय की हुपरीच्या वाटंवर. घाला. बोलवायला काय जातंय?"

ते घातलं. आपल्या संस्थेच्या अध्यक्षांच्या व्याह्यांचं एक होतं, ते घातलं. असं करत करत नऊ झाली, आणि बाळासोंना एकदम आठवलं. मामांचं कॉलेज! मामांच्या संस्थेला कनिष्ठ महाविद्यालय होतं आणि त्यात सायन्सही होतं. भाचीच्या यादीत मामाचं नाव नाही, हे उद्या कळलं तर? पुन्हा ती घडी, पुन्हा तो खिसा, पुन्हा ती जीप.

"मामांचं घालायचं तर कितव्या नंबरला घालू?" त्यांनी विचारलं.

"मामाचा मान पयला," चिमणाबाई म्हणाल्या. यावर गल्लीत दुमत नव्हतं.

गौसभाईंनी मात्र मशीन थांबवलं. "ओ बाळासो, ये शादी का कार्ड न्हाय. रुबीनानं तर जे पायजे तेच पयलं टाकलंय."

बाळासो हसले. बिचारा टेलर! त्याला मानपानातलं काय कळणार? "गौसभाई, यंत्र म्हनलं तरी आतनं मानूसच बसलेला असनार की. पोरगी शहरातली, मार्क चांगले, त्याला कळतंय ती कुठं जानार. पयलं नाव नुसतं मानाचं. आपलं खरं कॉलेज घरचंच हाय, त्ये शेवटच्या पंगतीला."

आणि त्यांनी मामांचं कॉलेज पहिलं, अध्यक्षांच्या व्याह्यांचं दुसरं, चिमणाबाईंच्या भाच्याचं तिसरं असं सगळं व्यवस्थित लावलं. पोरीची तिन्ही कॉलेजं तळाला, चिल्यापिल्यांच्या ओळीत. लॉक केलं. प्रिंट काढून फाईलला लावली आणि फाईल सवयीनं कार्यालयातल्या कपाटात ठेवली. संध्याकाळी पोरगी कपाळाला गुलाल लावून आली आणि "झालं?" म्हणाली, तेव्हा बाळासो म्हणाले, "नाव काढशील बापाचं."

यादी लागायच्या दिवशी ते कामावर होते. मोबाइलवर मेसेज आला, अभिनंदन, पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले आहे. पुढं काय लिहिलंय ते वाचायला माणूस भानावर पाहिजे. बाळासोंनी अख्ख्या कार्यालयाला पेढे वाटले, उरलेला बॉक्स घेऊन घरी आले, स्वप्नालीच्या तोंडात पेढा घातला आणि मग मोबाइल तिच्या हातात दिला.

तिनं वाचलं. पेढा गालातच राहिला.

"पप्पा, हे मामांचं कॉलेज हाय."

"व्हय, त्ये नुसतं मानाचं..." बाळासो म्हणाले आणि थांबले. त्यांच्या तोंडात दुसरा पेढा होता, तोही तसाच राहिला.

मग पुढचा नियम स्वप्नालीनंच वाचून दाखवला. पहिल्या पसंतीचं मिळालं तर तिथं जायचंच. नाही गेलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद. सगळ्यात शेवटी, सगळ्यांचं भागल्यावर, उरलेल्या जागांची एक खुली फेरी. उरलं तर उरलं.

वर्षाराणीवहिनींचा आवाज चार घरं पलीकडं गेला. "अवो, पोरीचं आयुष्य म्हंजे काय पत्रिका वाटली व्हय तुमास्नी? दादाच्या कॉलेजात त्या जीवशास्त्राला मास्तरच न्हाय! जागा रिकामी हाय, तो सोता सांगत असतोय! तिथं शिकून ही कुनाची डॉक्टर हुनार?"

स्वप्नाली ओरडली असती तर बाळासोंना बरं वाटलं असतं. तिनं पेढा गिळला, पाणी प्याली आणि शेजारी म्हशीपाशी जाऊन बसली. समोरच्या दारातून रुबीना आली आणि तिच्या शेजारी बसली. रुबीनाला पाहिजे ते कॉलेज मिळालं होतं, पण तिनं पेढा आणला नव्हता. बाळासोंनी खिडकीतून हे बघितलं आणि त्यांना इतकं वाईट वाटलं की त्यांनी चष्मा काढून नुसताच पुसला.

दुसऱ्या दिवशी ते रजा टाकून मार्गदर्शन केंद्रात गेले. सोबत रीतसर अर्ज होता. विषय, पसंतीक्रम मानपानास्तव वरखाली झालेबाबत. सरांनी तो दोनदा वाचला.

"यंत्रात मानपानाचा पर्याय नाही हो," सर म्हणाले. तसे ते सज्जन होते, हसू दाबत होते.

"मग ठेवायला पायजे होता," बाळासो म्हणाले. "महाराष्ट्रात ऱ्हातोय न्हवं आपन?"

घरी परतले तर गल्लीच्या तोंडाला जीप उभी आणि जीपच्या मागं हलगी कडाडत होती. भाऊबीजेला न आलेले मामा आज आले होते. फेटा बांधून आले होते! जीपवरनं पोरं एक फ्लेक्स उतरवत होती. त्यावर मधोमध स्वप्नालीचा फोटो, बाजूला बाळासोंचा, आणि खाली 'आमच्या महाविद्यालयास प्रथम पसंती देणाऱ्या गुणवंत भाचीचे हार्दिक अभिनंदन'. शुभेच्छुकांत सगळ्यात वर, सगळ्यात ठळक, उदयसिंहमामा.

"दाजी!" मामांनी बाळासोंना कडकडून मिठी मारली. "मला म्हाईत न्हवतं वो, तुमच्या मनात आमच्याबद्दल एवढं हाय! पयला नंबर! वास्तुशांतीचं सगळं इसरलो बघा मी."

बाळासोंनी तोंड उघडलं. पण हलगी वाजत असताना खरं बोलायची सोयच नसते. फ्लेक्स चढला. चिमणाबाईंनी ओवाळलं. स्वप्नाली मामांच्या पाया पडली आणि मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की प्रयोगशाळा धुऊन काढलीय. पोरगी कसनुसं हसली. ते हसू बाळासोंना रात्रभर पुरलं.

प्रवेश पक्का करायची मुदत दोन दिवसांवर आली. सकाळी वहिनींनी डबा पुढं ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, "दादाला सांगायचं तर तुमीच सांगा. मी सांगिटलं तर त्यो बहिणीवर रुसंल. तुमच्यावर रुसला तर सवय हाय."

बाळासो गारगोटीच्या एसटीत बसले. रस्ताभर त्यांनी वाक्याची जुळणी केली. कसंही जुळवलं तरी ते अपमानासारखंच वाटायचं.

मामा कॉलेजच्या दारातच उभे होते. त्यांनी हौसेनं प्रयोगशाळा दाखवली. फरशी खरंच चकचकीत धुतलेली. भिंतीवर नवाकोरा तक्ता. कपाटात खोक्यातली सूक्ष्मदर्शकं, अजून पिशवीसुद्धा न काढलेली. "मास्तर मिळतोय म्हनत्यात पुढच्या वर्सी," मामा म्हणाले. "तवर स्वप्नाली पयल्या बाकावर बसंल. हितं, खिडकीजवळ."

त्या बाकाकडं बघून बाळासोंना राहवलं नाही. जुळवलेलं वाक्य कुठल्या कुठं गेलं.

"मामा, मला पायतानानं हाना पर ऐका. पयला नंबर मी दिलता. पोरीनं न्हाय. तुमी रुसू नये म्हनून. मला वाटलं, नाव नुसतं वर ऱ्हाईल आन् पोरगी जायची तिकडं जाईल."

मामांनी कपाटाचं दार लोटून घेतलं. फेटा आज नव्हता, त्यामुळं ते जरा बुटके दिसत होते.

"म्हंजे पत्रिकेतल्यागत?"

"व्हय."

"मान खोटा हुता म्हना की."

"न्हाय मामा," बाळासो कळवळून म्हणाले. "मान खरा हुता. कॉलेज तेवढं खोटं हुतं."

मामा त्या खिडकीजवळच्या बाकावर बसले. एवढा जाडजूड माणूस, पोरांच्या बाकात मावेना.

"आमचा राजवीरबी औंदा धावी झाला," ते म्हणाले. "त्यानंबी धा कॉलेजं लिवली. धाच्या धा भाईरची. बापाच्या कॉलेजाचं नाव दहाव्या नंबरलाबी न्हाय. मी काय बोल्लो न्हाय. काय बोलू? मास्तर न्हाई हे त्याला म्हाईत हाय, मलाबी म्हाईत हाय. आन् मग तुमच्या पोरीचा पयला नंबर आला. लई बरं वाटलं, दाजी. खुळ्यागत हलगी लावून आलो."

बाळासोंना त्या माणसाची आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटली नाही. ते शेजारच्या बाकात जाऊन बसले. त्यांनाही ते बाक पुरलं नाही. 

"जावा," शेवटी मामा म्हणाले. "प्रवेश घिऊ नका. पोरीचं वाटोळं करून मला पयला नंबर नको. पर त्या खुल्या फेरीत जागा ऱ्हाईल का वो?"

"ठावं न्हाय."

"मग देवाला नारळ मी बोलतो. आता देवाजवळ तरी माझा नंबर लागू दे."

खुल्या फेरीपर्यंतचे दिवस फार वाईट गेले. रुबीना नवी वह्या-पुस्तकं घेऊन कॉलेजला जाऊ लागली आणि संध्याकाळी येऊन शिकवलेलं सगळं स्वप्नालीला सांगू लागली. गौसभाई तिला रोज बजावायचे, "बेटा, उसकी पढाई न्हाय बुडली पायजे." रिकाम्या जागांचे आकडे रोज घटत होते. बाळासोंनी या काळात एकाच्याही पत्रिकेला हात लावला नाही. एक माणूस मसुदा घेऊन आला, तर म्हणाले, "अकारविल्हे लावा आन् मोकळं व्हा." तो माणूस बाळासोंची तब्येत बरी नाही असं गल्लीत सांगत सुटला.

फेरी उघडली तेव्हा मामाही आले होते. हलगी नाही, फेटा नाही. कोपऱ्यात मुकाट बसले. बाळासोंनी मोबाइल पोरीच्या हातात दिला आणि दोन्ही हात पाठीमागं बांधले.

"तूच भर," ते म्हणाले. "मी हात लावला तर आईला हाक मार."

स्वप्नालीनं भरलं. पहिलं रुबीनाचं कॉलेज, दुसरं रंकाळ्याच्या बाजूचं, तिसरं आधीच्या कागदावरचंच. मग तिची बोटं थांबली. तिनं मामांकडं बघितलं आणि पुन्हा काहीतरी लिहिलं.

"काय गं?" मामांनी विचारलं.

"तुमचं कॉलेज घातलं. शेवटी."

"आमचं कशाला, बाळ? मास्तर न्हाय तिथं."

"नसू दे की. कुठंच न्हाय मिळालं तर मी तुमच्याकडं येनार," ती म्हणाली. "आन् मामा, राग मानू नका. घरची मानसं शेवटच्या पंगतीला बसत्यात. हे पप्पाच सांगत्यात."

 मामांनी रुमाल काढला आणि घाम नसताना सगळं तोंड पुसलं.

रुबीनाच्या कॉलेजात जागा उरली नव्हती. स्वप्नालीला दुसरं मिळालं, रंकाळ्याच्या बाजूचं. जीवशास्त्र मिळालं, प्रयोगशाळा मिळाली, मैत्रीण तेवढी संध्याकाळचीच मिळाली. मेसेज आला तेव्हा बाळासोंनी तो शेवटच्या अक्षरापर्यंत दोनदा वाचला, वहिनींकडून वाचून घेतला, गौसभाईंना दाखवला आणि मगच पेढे आणायला गेले. चिमणाबाईंनी सगळ्या गल्लीला दूध पाजलं.

पहिल्या दिवशी पोरीला कॉलेजला सोडून बाळासो परत आले, तर गल्लीच्या तोंडाला तोच फ्लेक्स. फोटो तेच. मामा काटकसरी माणूस, त्यांनी मजकुरावर तेवढी नवी पट्टी चिकटवून घेतली होती, 'भाचीचा शहरात प्रवेश झाल्याबद्दल अभिनंदन'. शुभेच्छुकांची यादीही नवी होती. बाळासोंचा चष्मा सवयीनं कपाळावरून नाकावर आला. सगळ्यात वर गौसभाई. मग चिमणाबाई. मग गल्लीतली एकेक मंडळी, अध्यक्षांचे व्याही, तो माजी नगरसेवकसुद्धा. मामांचं नाव कुठं दिसेना.  आता काय बिनसलं म्हणून बाळासो पार फ्लेक्सखाली जाऊन उभे राहिले आणि वाकून बघू लागले. अगदी तळाला, जिथं चिल्यापिल्यांची ओळ असते तिथं, बारक्या अक्षरात मामांनी स्वतःचं नाव घातलं होतं.